हिरवी पट्टी

नर्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर इंजेक्शन घेऊन उभी असलेली बाई येते. माझ्या नोकरीतला निम्म्याहून जास्त वेळ मात्र भांडी उकळण्यात गेला. काचेच्या सिरिंजा, सुया, चिमटे, कात्र्या, किडनीच्या आकाराच्या त्या स्टीलच्या ताटल्या. पाण्याला उकळी फुटली की तिथून वीस मिनिटं मोजायची. मध्येच कुणी एखादी सिरिंज आत टाकली, तर पुन्हा पहिल्यापासून वीस मिनिटं. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून हास्पिटलात चहाचं आधण ठेवते." त्यात फारसं खोटं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. रत्नागिरीतल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात मी बायकांच्या सर्जिकल वॉर्डची सिस्टर होते. वॉर्ड बारा खाटांचा. इस्पितळ आता राहिलेलं नाही, त्याच्या जागी दुसरी इमारत उभी आहे. नाव सांगून उपयोग नाही, आणि मला सांगायचंही नाही. आमचे एकच सर्जन होते, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. मेट्रन कडक होत्या. वॉर्डात माझ्या हाताखाली पार्वतीमावशी होती. मिरजोळ्याहून रोज चालत यायची. फरशी पुसणं, बेडपॅन देणं, पेशंटची वेणी घालणं, रडणारीला गप्प करणं, ही सगळी तिची कामं. मी तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, तरी ती मला ताई म्हणायची.

ड्रेसिंग म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ऑपरेशनच्या जखमेवरची पट्टी बदलायला आम्ही चाकांची ट्रॉली घेऊन एकेका खाटेपाशी जायचो. ट्रॉलीवर वाफेत निर्जंतुक केलेल्या कापसाचा आणि गॉजचा डबा असायचा. त्या डब्यात हात घालायचा नाही. त्यासाठी एक लांब चिमटा असतो. तो एका उंच बरणीत जंतुनाशकाच्या पिवळट पाण्यात उभा ठेवलेला असतो. चिमटा काढायचा, डब्यातलं गॉज उचलायचं, पुन्हा बरणीत ठेवायचा. सगळ्या पेशंटना तोच चिमटा. तो जंतुनाशकात बुडालेला, म्हणजे शुद्धच, असं आम्ही शिकलो होतो.

त्या उन्हाळ्यात नळाला दिवसातून एकदा पाणी यायचं. वॉर्ड भरलेला होता. सात नंबरच्या खाटेवर यशोदाआजी होती, लांज्याच्या आतल्या एका गावची. हर्निया अडकून आलेली, सत्तरीच्या पुढची. मुलगा मुंबईत, सून भातशेतीची भाजावळ, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायचं काम, अर्धवट टाकून आलेली, ती दोन दिवस राहून परत गेली. आजीला एकटं राहायची सवय होती. मी पट्टी सोडायला गेले की म्हणायची, "पोरी, बघ हां, आत काय ठेवलं असशील तर काढ. परत फाडायला लावू नको."

आठ नंबरला जुलेखा. मिरकरवाड्यातली, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. नवरा आखातात जहाजावर. तिचं अपेंडिक्स फुटायच्या बेताला आलेलं. तीन दिवस पोटात दुखत होतं तेव्हा सासूनं, हमीदाबींनी, मुलानं आखातातून आणलेल्या पिशवीतल्या दोन कॅप्सूल तिला दिल्या. ती पिशवी मी नंतर पाहिली. लाल-काळ्या, पिवळ्या, हिरव्या कॅप्सूल, वर अरबीत काहीतरी लिहिलेलं. वाड्यात कुणाला ताप आला, कुणाचा दात दुखला की हमीदाबी त्यातल्या दोन काढून द्यायच्या. अगदी प्रेमानं. दुखणं जरा कमी झालं की गोळ्या बंद, उरलेल्या पुढच्या माणसासाठी. मी त्यांना म्हटलं, "अशा अर्ध्यामुर्ध्या देऊ नका हो."

"का वो शिस्टर? चांगल्या हायत. सौदीच्या हायत," त्या म्हणाल्या.

जुलेखाचं ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि तिनं घरून टेपरेकॉर्डर मागवला. तेव्हा आखातातल्या माणसांना पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची पद्धत होती. ती खाटेवर बसून नवऱ्याला सांगत होती, "मी बरी हाय. पोट कापलंनी, पन दुखत नाय. तू घाबरू नको." शेजारून यशोदाआजी ओरडली, "आनि म्हणावं लवकर ये, बायको बारीक झालीय!" सगळा वॉर्ड हसला. ते हसणंही कॅसेटमध्ये भरलं गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी आजीच्या पट्टीवर मला हिरवट डाग दिसला.

जखमेत पू होणं आम्हाला नवीन नव्हतं. पण नेहमीचा पू पिवळा असतो आणि त्याला घाण वास येतो. हा निळसर हिरवा होता, पोपटाच्या पिसासारखा, आणि वास किंचित गोडूस, पिकून उतरलेल्या फळासारखा. मी सरांना बोलावलं. त्यांनी पट्टी नाकाजवळ नेली, मग खिडकीपाशी उजेडात धरून पाहिली.

आठवडाभरात आणखी तिघींच्या पट्ट्या हिरव्या झाल्या. शेवटची जुलेखाची. तिच्या जखमेचे टाके एका बाजूनं उसवले, ताप चढला. रोज दुपारी तिला हुडहुडी भरायची आणि त्या भर उन्हाळ्यात मी तिच्या अंगावर दोन ब्लँकेटं घालायचे.

इंजेक्शनं चालूच होती. तेव्हा जेंटामायसिन हे आमचं हुकमी औषध होतं. इतकं हुकमी, की ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईला आम्ही ते 'सुरक्षेसाठी' पाच दिवस द्यायचो, जखम स्वच्छ असली तरी. आता त्याचा काही उपयोग होईना. डोस वाढवला, तरी ताप हटेना. सरांनी मला तेव्हा समजावून सांगितलं ते मी पुढे शेकडो शिकाऊ नर्सना सांगत आले. औषध दिलं की जंतू मरतात, पण सगळे नाही. त्यातले दोन-चार चिवट उरतात. आता जागा रिकामी, खायला भरपूर, आणि पुढची सगळी पिलावळ त्या चिवटांची. हमीदाबी घरी पिशवीतून जे करत होत्या तेच आम्ही इस्पितळात कपाटातून करत होतो, फक्त पांढरे कपडे घालून.

पण हे जंतू आले कुठून? पुरुषांच्या वॉर्डात एकही हिरवी पट्टी नव्हती. ऑपरेशनं त्याच टेबलावर, सर तेच. म्हणजे जे काही होतं ते माझ्या वॉर्डात होतं.

मेट्रन वॉर्डात आल्या आणि सरळ पार्वतीमावशीच्या बादलीपाशी गेल्या. फडकं उचलून पाहिलं. उन्हाळ्यात पाणी कमी, त्यामुळे एकाच बादलीत चार-चार फेऱ्या होत होत्या हे खरं होतं.

"ह्याच फडक्यानं खाटा पुसतेस?"

"नाय वो बाई. खाटांचं येगळं हाय. बादली मी रोज फिनेलात बुडवते."

"बुडवतेस म्हणून ही अवस्था?"

मावशी माझ्याकडे बघत होती. मी म्हणायला हवं होतं, की मावशीचं काम मी रोज बघते, तिचं फडकं वेगळं आहे. मी म्हटलं नाही. मनात आलं, असेलही बादलीतूनच. कुठून तरी आलंच ना. आणि खरं सांगायचं तर, बोट दुसरीकडे वळल्यावर मला बरं वाटलं.

मावशीला वॉर्डातून काढून मागच्या अंगणात धुणं धुवायला लावलं. तिथं पू-रक्तानं माखलेल्या चादरी हातानं भिजवायच्या असत. चौकशी होऊन ठरेल, असं सांगितलं. ठरेल म्हणजे काय ते तिलाही कळलं होतं.

सर मात्र बादलीवर समाधान मानणारे नव्हते. त्यांनी घाटावरच्या एका मेडिकल कॉलेजातून काचेच्या नळ्या मागवल्या, आत निर्जंतुक कापसाची काडी असलेल्या. म्हणाले, "सिस्टर, वॉर्डात जे जे ओलं आहे त्याचे नमुने घ्या. माणसाचे, वस्तूंचे, सगळे. मला दोषी कोण ते नको, जंतू कुठं आहे ते हवं."

मी अख्खी सकाळ ते केलं. जुलेखाची जखम, आजीची जखम, नळाची तोटी, बेसिन, साबणाची वडी, बादली, फडकं, माझे स्वतःचे हात. शेवटी एक नळी उरली. रिकामी कशाला परत पाठवायची म्हणून मी ती चिमट्याच्या बरणीत बुडवली. सोबतची विद्यार्थिनी हसली. "सिस्टर, जंतुनाशकात कुठे जंतू असतात?" मीही हसले. नळ्या थर्मासमध्ये घालून एसटीनं रवाना केल्या. कंडक्टरनं तो थर्मास मांडीवर ठेवून नेला, चहाचा समजून.

उत्तर यायला आठवडा लागला. तेवढ्यात यशोदाआजी गेली.

शेवटचे दोन दिवस ती फारसं बोलत नव्हती. अंग गार, नाडी बारीक आणि पळती. दुपारी मी तिच्या ओठांना पाणी लावत होते तेव्हा तिनं डोळे उघडले. म्हणाली, "पोरी, भात पेरलंन का आमच्याकडं?" पेरायला अजून पंधरा दिवस होते. मी म्हटलं, "पेरलंन आजी." तासाभरानं ती गेली. कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं. सत्तरीच्या बाईचं कुणी आणखी काय विचारतंय? मुलगा मुंबईहून आला. त्यानं माझे आभार मानले. "तुम्ही फार केलंत सिस्टर," म्हणाला.

लिफाफा आला तो सकाळी अकराच्या टपालानं, वॉर्डच्या नावानं. मी उघडला. जंतूचं नाव स्युडोमोनास. आजीच्या जखमेत तो, जुलेखाच्या जखमेत तो. नळात नाही. माझ्या हातावर नाही. मावशीच्या बादलीत इतर घाण होती, पण हा नव्हता. सगळ्यात शेवटी टाइप केलेलं: चिमट्याची बरणी, भरपूर वाढ.

खाली औषधांची यादी होती. जेंटामायसिनपुढे 'उपयोग नाही', अशा अर्थाची खूण. ॲम्पिसिलिनपुढे तीच. क्लोरॅमफेनिकॉलपुढे तीच. एकाच औषधापुढे वेगळी खूण होती, अमिकासिन. ते रत्नागिरीच्या कुठल्याच दुकानात नव्हतं.

मी खुर्चीवर बसले. बरणीची व्यवस्था पूर्णपणे माझी होती, तिला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. चिमट्याची टोकं आपटून बोथट होऊ नयेत म्हणून तळाशी मीच कापसाची जाड गादी घातली होती, आणि त्या युक्तीचा मला अभिमान होता. पातळी कमी झाली की मी वरून जंतुनाशक ओतायचे, पाणी घालून. पाण्याची टंचाई, औषध वाया जाऊ नये, म्हणून बरणी पूर्ण रिकामी करून उकळल्याला किती दिवस झाले होते ते मला आठवेना. कापूस औषधाची ताकद शोषून घेतो, पातळ औषधात हा जंतू मरत नाही, उलट वाढतो, हे मला माहीत नव्हतं. पण बरणी रोज रिकामी करायची हे माहीत होतं. ते पहिल्या वर्षाला शिकवतात. होळीच्या सुमाराला मावशी मला म्हणाली होती, "ताई, ती बरणी घासून ठेवू का? तळाला बुळबुळीत वाटतंय." मी तिला म्हटलं होतं, "त्याला हात लावायचा नाही. ते निर्जंतुक आहे."

बरणी मी लगेच उचलली, ओतून दिली, उकळायला टाकली. तेवढं शहाणपण होतं. पण लिफाफा एप्रनच्या खिशात ठेवला आणि तो संध्याकाळचे पाच वाजेपर्यंत खिशातच राहिला. त्या सहा तासांबद्दल मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी काय विचार करत होते? मुलगा तेव्हा चौथीत होता, नवऱ्याची नोकरी कायम नव्हती. बरणी तर आता साफ झाली. जंतू संपला. मग शेवटची ओळ कुणी वाचलीच पाहिजे असं काय आहे? कागदाच्या तळाशी होती ती. फाडली असती तरी कळलं नसतं.

साडेचारला जुलेखाला हुडहुडी भरली. हमीदाबी तिचे पाय दाबत होत्या, तोंडानं काही पुटपुटत. त्यांनी मला विचारलं, "शिस्टर, हिला कसला शाप लागला वो? आमच्याकडनं काय चुकलं?"

मी तिथून निघाले ती सरळ सरांच्या खोलीत गेले. मेट्रनही तिथेच होत्या. लिफाफा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "शेवटची ओळ वाचा. बरणी माझी आहे. मी ती रिकामी करत नव्हते, वरून भरत होते."

मेट्रन काहीतरी बोलायला लागल्या. सरांनी हात वर केला. कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "हा सकाळी आला?"

"हो सर."

"जुलेखाचे सहा तास गेले, सिस्टर." एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी बरणीचाच विचार करत बसले होते. त्याच कागदावर तिच्या औषधाचं नाव होतं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यांनी लगेच मुंबईला ट्रंक कॉल लावला. जुलेखाचा दीर तिथे गोदीत कामाला होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतः एसटीनं इंजेक्शनं घेऊन आला, बर्फाच्या डब्यात, तसं कुणीही सांगितलेलं नसताना. बर्फाची गरज नव्हती. त्यानं वाटेत तीनदा बर्फ बदलला होता.

चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी पट्टी सोडली तर कडेला लालबुंद, दाणेदार मांस दिसलं. जखम भरते तेव्हा तशी दिसते. नर्सला त्याहून सुंदर काही नसतं.

मेट्रननी माझी पगारवाढ रोखली, ते योग्यच होतं. मावशीला परत वॉर्डात घ्यायचं ठरलं. ते सांगायला शिपायाला न पाठवता मी स्वतः मागच्या अंगणात गेले. ती दगडावर चादर आपटत होती. हात सोड्यानं फुटले होते. मी सगळं सांगितलं. बादलीवर ठपका आला तेव्हा मी गप्प राहिले, तेसुद्धा.

मावशीनं चादर पिळली, दोरीवर टाकली. म्हणाली, "तुमाला माहीत होतं वो ताई, मी खाटांना येगळं फडकं वापरते."

"हो."

"मग तेवढं बोलायचं होतं." आणि ती आत गेली, हात धुतले, कामाला लागली. त्यानंतर ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलायला वर्ष गेलं. ते वर्ष मी मुकाट्यानं काढलं.

वॉर्डात मी सगळं बदललं. बरणी रोज सकाळी रिकामी, उकळून, सुकवून, तारीख चिकटवून. कापसाची गादी बंद. प्रत्येक पेशंटला वेगळा चिमटा, कमी पडले तर उकळा. दोन खाटांच्या मध्ये हात धुणं, सरांनीसुद्धा. पहिल्यांदा त्यांना अडवलं ते साबणाची वडी पुढे करून. ते वडी घेऊन बेसिनपाशी गेले. स्वच्छ जखमेला 'सुरक्षेसाठी' इंजेक्शनं देणं त्यांनी बंद केलं. विद्यार्थिनींनी माझं नाव साबणबाई ठेवलं. पुढच्या सगळ्या वर्षांत माझ्या वॉर्डात हिरवी पट्टी पुन्हा दिसली नाही. ह्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही.

जुलेखा दोन महिन्यांनी घरी गेली. पोटावर हातभर वेडावाकडा व्रण घेऊन. तेव्हा पेशंटला असलं काही सांगायची पद्धत नव्हती. मेट्रननी बजावलंही होतं. पण निघायच्या दिवशी हमीदाबी रिक्षा बघायला बाहेर गेल्या तेव्हा मी तिच्या खाटेवर बसले आणि सांगितलं. तुला कुणाचा शाप नव्हता, चुकलं ते माझं, ते जंतू माझ्या बरणीतून तुझ्या जखमेत गेले.

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मला वाटलं रागावेल, रडेल. ती म्हणाली, "तुमी सांगितलंव म्हनून बरं. सासू माज्या नवऱ्याला लिवनार होती, हिला कुनाची नजर लागलीय म्हनून."

मग रिकाम्या सात नंबरच्या खाटेकडे बघून तिनं विचारलं, "आजी पन त्यानंच गेली?"

हा प्रश्न इस्पितळात मला कुणी विचारला नव्हता. सरांनी नाही, मेट्रननी नाही, आजीच्या मुलानंही नाही.

"बहुतेक," मी म्हटलं.

"तिच्या लोकांना सांगितलंव?"

मी मान हलवली. नाही.

"सांगा," जुलेखा म्हणाली. तेवढ्यात हमीदाबी आल्या, बोचकी उचलली, दोघी निघाल्या. मी दारापर्यंत गेले.

लांज्याच्या पुढच्या त्या गावाला रत्नागिरीहून रोज सकाळी एक एसटी जायची. माझी गुरुवारची सुट्टी असायची. पत्ता केसपेपरवर होता, मी तो वहीत उतरवून घेतला होता. दोनदा मी स्टँडपर्यंत गेले, एकदा तर गाडीत चढून खिडकीपाशी बसलेही. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा मी उतरले.

मी गेले नाही.